सुईच्या आधीचा प्रश्न

हे सिद्धरामेश्वरा, सोलापूरच्या ग्रामदैवता,

तळ्याच्या पाण्यात पाय रोवून तुझं देऊळ उभं आहे. बाराव्या शतकात लोकांना सोबत घेऊन तू हे तळं खोदलंस, गावाच्या चारी दिशांना अडुसष्ट लिंगं स्थापलीस आणि अंगमेहनतीला पूजेच्या बरोबरीचा मान दिलास. म्हणून तुझ्यापुढे आम्ही कामाचंच मागणं घेऊन आलो आहोत. हे मागणं मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी आहे. एमआरआयच्या खोलीत त्यांच्या शिरेत सोडल्या जाणाऱ्या एका औषधाबद्दल आहे, आणि ते औषध देणाऱ्या हातांसाठी आहे. ऐकून घे.

आधी तुझी स्तुती. आमच्या पाठीशी, बरगड्यांच्या आडोशाला, तू मुठीएवढी दोन मूत्रपिंडं ठेवलीस. एकेकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास द्रव त्यांतून गाळला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी वगळता सगळा पुन्हा रक्तात परततो. आम्ही झोपेत असतो, रानात असतो, यंत्रमागावर उभे असतो, त्यांचं काम चालूच असतं. तू त्यांना इतकं सोशीक केलंस की निम्मी ताकद गेली तरी ती कुरकुरत नाहीत. या सोशिकपणाबद्दल तुझे उपकार मानावेत, आणि त्याचंच भयही बाळगावं, कारण त्यांचं दुखणं आम्हाला फार उशिरा कळतं.

तुझ्या गावात ते कुणाकुणाला उशिरा कळतं, हे तू पाहतोस. दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी बाई पाय सुजले तर बसून बसून सुजले म्हणते. कारखान्यातला माणूस गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून वर्षानुवर्षं मनानेच घेतो. साखर आहे, ब्लडप्रेशर आहे, पण गोळी संपली की पुढच्या पगारापर्यंत थांबायचं, असा घराघरांतला रिवाज. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या पुढे जातो आणि अंगातलं पाणी आटतं. मग एक दिवस रक्ततपासणीतला क्रिएटिनीनचा आकडा हाती येतो, आणि घरात ‘डायलिसिस’ हा शब्द मुक्कामाला येतो. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, तिकडे तुळजापूर, सीमेपलीकडे इंडी आणि विजयपूर, इथून माणसं औषधपाण्यासाठी सोलापूरला येतात. कुणी सिव्हिलमध्ये जातं, कुणी खासगी दवाखान्यात. चार तास खुर्चीवर किंवा खाटेवर, आठवड्यातून दोनदा, तीनदा. त्या प्रत्येक माणसाचं नाव तुला ठाऊक आहे.

देवा, दिसत नसलेलं दिसावं म्हणून तू माणसाला जी बुद्धी दिलीस तिचेही आम्ही ऋणी आहोत. चुंबकाच्या जोरावर शरीराच्या आतलं चित्र काढण्याचा मार्ग पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी घडवला, २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या चित्रात गाठ, सूज, पू, आवळलेली रक्तवाहिनी ठळक उठून दिसावी म्हणून माणसाने गॅडोलिनियम नावाच्या धातूची मदत घेतली. हा धातू तू जमिनीत दडवून ठेवला होतास. १८८० साली मारिन्याक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला त्याचा माग लागला. त्याचा अणुक्रमांक ६४. त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीवाचून एकटे आहेत, म्हणून चुंबकापुढे तो आसपासच्या पाण्याला जोमाने जागं करतो. १९८८ साली त्याचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हापासून मेंदूतल्या किती गाठी वेळेवर सापडल्या, मणक्यातला किती क्षय वेळेत ओळखला गेला, किती पाय लुळे पडता पडता वाचले. त्या सगळ्यांच्या वतीने तुला दंडवत.

पण मोकळा गॅडोलिनियम शरीराला विषारी आहे, हेही तूच ठरवलंस. त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या इतका जवळचा की कॅल्शियमची जागा अडवून तो पेशींचं कामकाज बिघडवतो. म्हणून औषध करताना त्याला एका सेंद्रिय रेणूच्या मिठीत बांधतात. मिठी घट्ट असेल आणि मूत्रपिंड धडधाकट असेल, तर दीडएक तासात निम्मं औषध लघवीवाटे बाहेर जातं आणि एका दिवसात जवळजवळ सगळं. मूत्रपिंड पार निकामी झालेल्या माणसात मात्र निम्मं औषध जायलाच तीस तासांहून अधिक लागतात. तेवढा वेळ ते अंगात फिरत राहतं. मिठी सैल असेल तर धातू सुटतो आणि जागा मिळेल तिथे, कातडीत, हाडांत, स्नायूंत बसतो.

जे घडलं ते आम्ही तुझ्यापुढे आज उच्चारतो, कारण ते विसरणं पाप आहे. सीटी स्कॅनचं आयोडीनवालं औषध मूत्रपिंडाला जड जातं, या काळजीने एकेकाळी डॉक्टर किडनीच्या रुग्णांना मुद्दाम एमआरआयकडे पाठवत होते. गॅडोलिनियम मूत्रपिंडाला निर्धोक आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मात्राही दिल्या जात. हेतू स्वच्छ होता. १९९७ साली कॅलिफोर्नियात डायलिसिसवरच्या काही रुग्णांच्या हातापायांची कातडी जाड, कडक होऊ लागली. सांधे आखडले. चालती माणसं खुर्चीला खिळली. काहींच्या बाबतीत हा ताठरपणा कातडीखाली उतरून स्नायू, हृदय आणि फुप्फुसांपर्यंत गेला. शॉन काउपर आणि सहकाऱ्यांनी २००० साली या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. पुढे त्याला नाव मिळालं नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. सुई टोचल्यावर काही दिवसांनी, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही तो उभा राहत असे, म्हणून सुईकडे कुणाचं बोट गेलं नाही.

२००६ साली ऑस्ट्रियाच्या थॉमस ग्रोबनर यांनी आपल्या डायलिसिसच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. एमआरआयसाठी गॅडोलिनियम दिलेल्या नऊ जणांपैकी पाच जणांना हा आजार झाला होता. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पीटर मार्कमन आणि सहकाऱ्यांनी तेरा रुग्णांची हकिगत मांडली. तेराही जणांना एकच औषध, गॅडोडायामाइड, दिलं गेलं होतं. जुने कागद पुन्हा उघडून बघण्याची ही चिकाटी तुझीच देणगी आहे, देवा. ती या दोघांना दिलीस म्हणून आमच्या गावातली कित्येक माणसं वाचली, आणि त्यांना ते ठाऊकही नाही. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१० मध्ये त्यांतली तीन औषधं मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्या रुग्णांना देऊच नयेत असं सांगितलं. जगभरचे डॉक्टर सावध झाले, आधी रक्त तपासू लागले, मात्रा कमी केली, औषध बदललं. आणि तो भयंकर आजार जवळजवळ दिसेनासा झाला. औषधविद्येच्या इतिहासात इतक्या थोड्या वर्षांत, इतक्या साध्या उपायांनी आटोक्यात आलेली आपत्ती क्वचितच सापडेल. नुसतं विचारल्याने आणि निवडून घेतल्याने हे झालं, ही गोष्ट आमच्या मनावर कोरून ठेव.

ज्यांचे हातपाय त्या वर्षांत आखडून गेले, त्यांना तुझ्या चरणी जागा दे. जे आजही त्या आजारासह जगत आहेत त्यांच्या वेदनेवर फुंकर घाल. त्यांच्यासाठी खात्रीचं औषध अजून निघालेलं नाही. मूत्रपिंड पुन्हा काम करू लागलं, प्रत्यारोपण झालं, तर काहींची कातडी सैल पडते. त्यांना दाता मिळू दे.

आणि देवा, आता एक अवघड मागणं. आम्हाला भीतीपासूनही वाचव.

गॅडोलिनियमची सगळी औषधं सारखी नाहीत. काहींत धातूला धरणारा रेणू उघड्या साखळीसारखा आहे, त्याला रेखीय म्हणतात. काहींत तो धातूभोवती पूर्ण वळसा घालून बंद झालेला आहे, त्याला वलयाकार म्हणतात. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही वलयाकार घडणीची. बंद वलयातून धातू सहजी निसटत नाही. २०२० साली एका मोठ्या आढाव्यात मूत्रपिंडाचा चौथ्या किंवा पाचव्या टप्प्याचा आजार असलेले ४,९३१ रुग्ण मोजले गेले, ज्यांना या तिन्हींसह सुरक्षित गटात मोडणारी औषधं दिली होती. त्यांच्यात त्या आजाराचा एकही रुग्ण आढळला नाही. धोका असलाच तर दहा हजारांत सातांहून अधिक नाही, असा त्याचा हिशेब निघाला. त्यानंतर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी आणि मूत्रपिंडतज्ज्ञांनी मिळून सांगितलं की तपासणी खरोखर गरजेची असेल, तर या गटातलं औषध केवळ डायलिसिसच्या कारणावरून नाकारू नका. युरोपने तर २०१७ मध्ये शिरेतून द्यायची कमकुवत रेखीय औषधं बाजूलाच काढली.

तरीही एखाद्या दारावर ‘किडनीचा पेशंट आहे, कॉन्ट्रास्ट जमणार नाही’ एवढं एकच वाक्य सांगून माणूस परत पाठवला जातो. त्याच्या मणक्यात पू साचलेला असतो. त्याच्या मेंदूत गाठ वाढत असते. डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती तशीही क्षीण, त्याला जंतुसंसर्ग लवकर गाठतो, आणि निदान लांबलं की त्याचा पाय जातो, बोलणं जातं, जीव जातो. गॅडोलिनियममुळे न होणारं नुकसान ते न दिल्यामुळे होतं. जुन्या चुकीतून घेतलेला धडा अर्धवट लक्षात राहिला, तर तोही माणूस मारतो. म्हणून तुला विनवतो, आम्हाला पूर्ण धडा आठवू दे.

तुझ्या यात्रेत आम्ही दरवर्षी एक गोष्ट पाहतो. संक्रांतीच्या सणात नंदीध्वज तळ्याकाठी येतात, माणसांचा समुद्र जमतो, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता असतात, पण कुणीही आधी हात उचलत नाही. संमतीकट्ट्यावर संमती वाचली जाते, सगळ्यांना ऐकू जाते, मगच अक्षता पडतात. एमआरआयच्या दारातही असंच होऊ दे. कागदावर अंगठा उठण्याआधी त्यावरचा मजकूर कुणीतरी मोठ्याने, सावकाश वाचून दाखवू दे. आमचं गाव मराठी बोलतं, कन्नड बोलतं, तेलुगू बोलतं, उर्दू बोलतं. पूर्व भागातल्या पद्मशाली आजीला तेलुगूत, इंडीहून आलेल्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये, ज्याला जी भाषा कळते तिच्यातच ते विचारलं जाऊ दे. ‘आजी, किडनीचा त्रास आहे का? डायलिसिस चालू आहे का? लघवी कमी होते का? याआधी अशी सुई घेतली होती का?’ हे चार प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही. ते एक मिनिट आमच्या माणसांना दे.

यंत्रापाशी बसणाऱ्या तंत्रज्ञाला बळ दे. बाहेर बाकड्यावर रांग वाढलेली असते, आतून फोन येत असतो, नातेवाईक घाई करतात. अशा वेळी अहवाल नसेल तर ‘थांबा, आधी क्रिएटिनीन बघू’ म्हणण्याचं धैर्य त्याला दे, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याला बोल लागू देऊ नकोस.

रेडिओलॉजिस्टला विवेक दे. क्रिएटिनीनच्या एका आकड्यावर विसंबू नये, एवढं त्याच्या ध्यानात राहू दे. १.४ हा आकडा पंचविशीतल्या तरुणाचा असेल तर मूत्रपिंडाची गाळण्याची गती, जिला ई-जीएफआर म्हणतात, सत्तरीच्या घरात असते. तोच आकडा सत्तरीच्या बाईचा असेल तर ती चाळीसच्या आसपास उतरलेली असते. वयाची, देहाची दखल घेऊन त्याने हिशेब करावा. गती तीसच्या खाली असेल तर औषध कोणतं, मात्रा किती, याचा दोनदा विचार करावा. जुलाब-उलट्यांनी किंवा उन्हाच्या तडाख्याने ज्याचं मूत्रपिंड कालच बंद पडलं, त्याचा आकडा अजून खरी अवस्था सांगत नसतो; अशा रुग्णापाशी त्याने आकड्याला न भुलता माणसाकडे बघावं. आणि औषधावाचून काम होत असेल तर ते देऊच नये. साध्या कंबरदुखीच्या तपासणीला, गुडघ्याच्या तपासणीला, ताज्या पक्षाघाताच्या चित्राला बहुधा त्याची गरज लागत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्याही औषधाविना दाखवण्याच्या रीती आहेत. कुठे हवं आणि कुठे नको, हे ओळखण्याची नजर त्याच्याकडे असू दे.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरला आणि रेडिओलॉजिस्टला एकमेकांशी बोलायची सवय लाव. डायलिसिसवरच्या रुग्णाला औषध द्यायचं ठरलंच, तर एमआरआयची वेळ त्याच्या ठरलेल्या डायलिसिसच्या थोडी आधी पडेल अशी त्यांनी जुळवावी. एका डायलिसिसमध्ये औषधाचा मोठा भाग निघून जातो, तीनात जवळजवळ सगळा. डायलिसिस केलं म्हणजे त्या आजाराला खात्रीने अटकाव झाला असं सिद्ध झालेलं नाही, हे त्यांना माहीत असतं. तरी जे काढता येतं ते लवकर काढावं, एवढी काळजी त्यांच्याकडून होऊ दे. पोटातून डायलिसिस घेणाऱ्याच्या अंगातून औषध फारच सावकाश जातं, त्याच्यासाठी त्यांनी अधिक जपावं.

औषधखरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याला, मग तो सरकारी असो वा खासगी, किमतीच्या रकान्याआधी घडणीचा रकाना वाचायची बुद्धी दे. चार पैसे वाचवताना त्याला डायलिसिसच्या खाटेवरचा माणूस दिसू दे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू झाला, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यांच्या आधाराने आमची माणसं यंत्रापर्यंत पोहोचतात. तिथपर्यंत आलेल्याला पुढे सुरक्षितही ठेव.

जे अजून पुरतं कळलेलं नाही, त्याबद्दल आम्हाला नम्र ठेव. २०१४ साली जपानच्या तोमोनोरी कांदा यांनी दाखवलं की वारंवार रेखीय औषध घेतलेल्यांच्या मेंदूत, मूत्रपिंड चांगलं असलं तरी, धातूच्या खुणा राहतात. त्याने काही अपाय होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी जिथे एकदा भागतं तिथे दोनदा टोचू नये, एवढं तारतम्य सगळ्यांना दे.

रुग्णाला स्वतःचं दुखणं सांगण्याची हिंमत दे. ‘किडनी’ म्हटलं की मुलीचं लग्न मोडेल, नोकरी जाईल, म्हणून कुणी ते लपवू नये. फाईलमध्ये शेवटचा क्रिएटिनीनचा कागद तारखेसह वरच ठेवावा. याआधी कोणत्या औषधाची सुई घेतली तिचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावं. सोबत आलेल्या लेकाला, सुनेला, शेजाऱ्याला ‘साहेब, कोणतं औषध देताय?’ असं विचारताना जीभ अडखळू देऊ नकोस, आणि साहेबाला त्या प्रश्नाचा राग येऊ देऊ नकोस.

याच मातीतले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली परक्या देशातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. ज्या माणसांची भाषाही त्यांना आधी येत नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी देह झिजवला. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरासमोरून रोज जाणाऱ्या आमच्या डॉक्टर मुलामुलींना, वैशंपायन स्मृती महाविद्यालयात १९६३ पासून पिढ्यान्पिढ्या शिकून बाहेर पडणाऱ्यांना, त्या ध्यासाचा अंश दे. परक्याचं दुखणं आपलं मानायचा वसा त्यांना लागू दे. त्या वशापुढे एक प्रश्न विचारणं काहीच जड नाही.

सिद्धरामा, तू तळं खोदलंस तेव्हा पाणी कुणाच्या घागरीत जाईल हे विचारलं नाहीस. ज्ञानाचंही तसंच कर. व्हिएन्ना-कोपनहेगनकडच्या दवाखान्यांत जे कळलं, ते अक्कलकोट रस्त्यावरच्या शेवटच्या खेड्यातल्या माणसाच्या शिरेपर्यंत पोहोचू दे. त्याच्या उपयोगी पडू दे, त्याला घाबरवायला नको. आमच्या गावातल्या कोणत्याही किडनीच्या रुग्णाला न विचारता सुई टोचली जाऊ नये, आणि गरज असताना कुणीही केवळ भयापोटी तपासणीवाचून माघारी जाऊ नये. हे होईल असं वागायचं काम आमचं. ते करायची आठवण रोज, प्रत्येक रुग्णापाशी, आम्हाला देत राहा.